वाचकांचे प्रश्न: जुन्या गाडीची गंजलेली पेट्रोल टाकी

प्रश्न: माझी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी पाच वर्षे शेडमध्ये उभी होती. आता सुरू केली, तर दर दहा-पंधरा किलोमीटरला झटके देते. फिल्टर तांबड्या पावडरीने भरतो, कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) तुंबतो. मेकॅनिक म्हणतात, टाकी ॲसिडने धुऊन आतून कोटिंग मारून टाकू. करावे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: टाकी धुवावी लागणारच. कोटिंगचे मात्र टाकी स्वच्छ झाल्यावर ठरवा, आधी नाही. पत्रा शाबूत असेल तर कोटिंगची गरज नसते, आणि घाईत मारलेले कोटिंग पुढे गंजापेक्षा जास्त त्रास देते.

अर्धवट भरलेल्या टाकीत वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा असते. रात्री पत्रा गार पडला की त्यावर पाण्याचे थेंब जमतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाला जाऊन बसते. त्यामुळे सर्वांत वाईट गंज दोन जागी सापडतो: छताच्या आतल्या बाजूला आणि तळाच्या जोडावर. टाकीच्या तोंडातून टॉर्च मारून पाहिले तर मधला भाग बरा दिसतो आणि फसगत होते. शंभरेक सेंटिमीटर वायरचा एंडोस्कोप कॅमेरा मोबाइलला जोडून छत आणि कोपरे नीट बघा, पण टाकी धुतल्यानंतरच.

टाकी उतरवण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. पेट्रोल हातपंपाने धातूच्या डब्यात काढा, नळी तोंडात धरून ओढू नका. गेजचे फ्लोट युनिट (टाकीतली पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग), सक्शन पाइप, त्याची जाळी, भरण्याच्या नळीचे रबर आणि हवेची बारीक नळी हे सगळे सुटे करा. एक गोष्ट कळकळीने सांगतो. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की एका ठिणगीने स्फोट होतो, आणि रिकाम्या टाकीतले मिश्रण नेमके या टप्प्यात येते. म्हणून पहिले काम धुण्याचे. वीस लिटर गरम पाण्यात पाव किलो कपड्याची पावडर घालून टाकी हलवा, ओता, आणि वास जाईपर्यंत तीन-चार वेळा तेच करा. यानेच आतला चिकट, पिवळा डिंकासारखा थरही सुटतो. तो राहिला तर ॲसिड गंजापर्यंत पोहोचत नाही आणि टाकी ठिपक्याठिपक्यांनी साफ होते.

मग सुटी खपली काढायची. मूठभर नट टाकून हलवण्याची पद्धत सर्रास आहे, पण टाकीत पेट्रोल डुचमळू नये म्हणून आडवे पत्रे असतात, त्यांच्यामागे नट अडकून बसतात. त्याऐवजी दोन-तीन हात लांबीची बारीक स्टीलची साखळी घ्या आणि एका टोकाला तार बांधून तार बाहेर ठेवा. टाकी गोधडीत गुंडाळून प्रत्येक बाजूवर पाच-सात मिनिटे हलवा. साखळी ओढली की सगळी बाहेर येते.

आता रसायन. आमची पसंती सायट्रिक ॲसिडला, म्हणजे किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाला. पद्मिनीची टाकी साधारण ३८ लिटरची. एका लिटर कोमट पाण्याला ५० ग्रॅम, म्हणजे पूर्ण टाकीला जवळजवळ दोन किलो लागते. टाकी काठोकाठ भरा, नाहीतर छतावरचा गंज तसाच राहील. खालची भोके रबरी बुचाने बंद करा, वरचे तोंड मात्र उघडे ठेवा, कारण हायड्रोजन निघतो. जवळ विडी-सिगारेट नको. सहा तासांनी बघा. बहुतेक टाक्या १२ ते २४ तासांत राखाडी होतात. त्यापुढे ठेवू नका, ॲसिड चांगला पत्राही खाऊ लागते.

गंज जाड असेल तर फॉस्फोरिक ॲसिड. बाजारात मिळणारे ८५ टक्क्यांचे ॲसिड एक लिटर आणि पाणी आठ लिटर, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांचे द्रावण होते. पाण्यात ॲसिड ओतायचे, उलटे कधीच नाही. रबरी हातमोजे आणि चष्मा घाला. संडास साफ करायचे हायड्रोक्लोरिक ॲसिड मात्र टाळा. ते तासाभरात टाकी चकाचक करते, म्हणूनच गॅरेजवाल्यांना आवडते, पण त्याचा क्लोराइड जोडाच्या फटींत राहतो आणि तिथून गंज पुन्हा धरतो. जुन्या टाक्यांच्या पत्र्याला आतून शिसे-कथलाचा मुलामा असायचा, तोही त्यात निघून जातो.

ॲसिड काढले की २० लिटर पाण्यात २०० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून एकदा खळबळा, मग दोन वेळा साधे पाणी. इथेच बहुतेकांचे काम बिघडते. ओला, उघडा पत्रा काही मिनिटांत तांबूस होतो, म्हणून वाळवण्याची तयारी आधीच हवी. पाणी निथळले की अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आत फिरवून काढा, ते उरलेले पाणी सोबत घेऊन जाते. मग उघड्यावर, कुठलीही वीज किंवा जाळ जवळ नसताना तासभर वास जाऊ द्या, आणि त्यानंतरच हेअर ड्रायरची गरम हवा सोडा. अल्कोहोलची वाफ आत असताना ड्रायर लावणे म्हणजे आपत्तीला आमंत्रण. कॉम्प्रेसरची हवा वापरणार असाल तर आधी त्याच्या टाकीतले पाणी काढा. पावसाळ्यात कॉम्प्रेसर हवेबरोबर पाण्याचा फवाराच मारतो.

आता कॅमेऱ्याने पाहा. पत्रा राखाडी, टणक आणि खड्ड्यांविना असेल तर कोटिंग विसरा. अर्धा लिटर पेट्रोलमध्ये ५० मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळून आत सगळीकडे फिरवा, टाकी चढवा आणि भरून टाका. नवा फिल्टर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बदला, कारण बारीक धूळ थोडी येतेच. पंपाची जाळी आणि कार्ब्युरेटरची वाटीही त्याच दिवशी साफ करा, जुना कचरा तिथेच बसलेला असतो.

वापरलेले ॲसिड नालीत ओतू नका. सोडा घालून फेस थांबेपर्यंत निष्प्रभ करा, आणि तळाचा गाळ बंद डब्यात ठेवून घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

प्रश्न: गंज काढेपर्यंत टाकी गळत नव्हती, आता तळाच्या जोडाला तीन जागी ओल दिसते. ॲसिडने भोके पाडली का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: भोके आधीच होती, गंजाच्या खपलीने बुजलेली होती. ती रस्त्यात उघडण्यापेक्षा घरी उघडली हे चांगलेच झाले.

नक्की किती आहेत ते शोधा. सगळी तोंडे बंद करून सायकलच्या हातपंपाने थोडी हवा भरा आणि जोडांवर साबणाचे पाणी लावा. दाब दोन पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका. टाकीचा सपाट पत्रा एवढ्याशा दाबानेही फुगतो, आणि थेट कॉम्प्रेसर लावला तर जोड उसवतो.

टाचणीच्या टोकाएवढी एक-दोन भोके असतील तर सीलर, म्हणजे आतून मारायचे कोटिंग, ती धरते. पेन्सिल आत जाईल असे भोक किंवा दाबल्यावर लवणारा पत्रा असेल तर आधी बाहेरून डाक लावून पत्र्याचे ठिगळ हवे. रेडिएटर दुरुस्त करणारे कारागीर हे काम चांगले करतात. टाकीत पेट्रोल होते हे त्यांना स्पष्ट सांगा. वाफेने किंवा गरम पाण्याने पुन्हा धुऊन घ्या, आणि झाळताना दुरुस्तीच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून ठेवा, म्हणजे वाफ साचायला जागाच उरत नाही. बाहेरून लावलेले एपॉक्सी पुटी किंवा साबण घरी पोहोचण्यापुरते ठीक. त्यावर रोज गाडी चालवू नये.

सीलर लावायचे ठरले तर दोन भागांचे एपॉक्सी घ्या, आणि डब्यावर इथेनॉलयुक्त पेट्रोलला चालते असे लिहिलेले असू द्या. ३८ लिटरच्या टाकीला अर्धा ते एक लिटर पुरते. लावण्याआधी फॉस्फोरिकचे तेच सौम्य द्रावण वीस-तीस मिनिटे सगळ्या बाजूंना फिरवा, म्हणजे पत्र्यावर फॉस्फेटचा खरबरीत थर येतो आणि सीलर त्याला धरतो. मग धुऊन पूर्ण वाळवा. वरच्या उत्तरातले टू-स्ट्रोक ऑइल इथे चालणार नाही, तेलावर काहीच चिकटत नाही.

दोन्ही भाग डब्यावरच्या प्रमाणात वजन करून मिसळा, अंदाजाने नाही. ओतून टाकी हळूहळू सहाही बाजूंवर फिरवा, दर दहा मिनिटांनी बाजू बदला. मग उरलेले सगळे बाहेर काढा. तळाला डबके राहिले तर ते वरून सुकते, आत कच्चे राहते आणि वर्षभरात सुटते. सक्शन पाइप आणि हवेची नळी यांत मधूनमधून फुंकर मारा, आटे पुसून घ्या. कोकणात हे काम जूनपासून ऑक्टोबरपर्यंत करू नका. डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा सर्वांत चांगली, आणि मिश्रण लवकर घट्ट होत नसल्याने हाताशी वेळही राहतो. पेट्रोल भरण्याआधी डब्यावर लिहिलेला पूर्ण वेळ द्या. बऱ्याच सीलरना चार दिवस लागतात.

प्रश्न: २०१२ साली केलेले कोटिंग आता कागदासारखे सुटून जाळीत अडकते. इथेनॉलमुळे झाले असेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: बहुधा हो. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत जवळजवळ सगळीकडे तेच झाले. जुन्या प्रकारची बरीच कोटिंगे शुद्ध पेट्रोलसाठी बनलेली होती, इथेनॉल त्यांना मऊ करते. शिवाय कोटिंगखाली गंज राहिला असेल तर तो आतून ढकलतो.

सुटणाऱ्या कोटिंगवर नवे कोटिंग मारू नका. ॲसिटोन किंवा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) दोन लिटर घालून, तोंड बंद करून, दर तासाला बाजू बदलत एक-दोन दिवस ठेवा. मऊ झालेले थर साखळीने निघतात. हे दोन्ही द्राव पेट्रोलइतकेच ज्वालाग्राही आहेत, म्हणून काम उघड्यावरच. पक्के एपॉक्सी याने निघत नाही. मग टाकी कापून, साफ करून पुन्हा जोडणे किंवा दुसरी टाकी शोधणे एवढेच उरते. आमच्या मते कापण्याआधी दुसरी टाकी शोधावी.

सोबत रबरी नळ्याही बदला. इथेनॉल त्यांनाही फुगवते, आतून उकलणारे काळे कण कोटिंगच्या कचऱ्यासारखेच दिसतात. नळीवर एसएई जे३० आर९ असा छाप बघून घ्या.

प्रश्न: पावसाळ्यात चार महिने गाडी उभी राहते. टाकी भरून ठेवू की रिकामी?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर: भरून, मानेपर्यंत नाही पण नव्वद टक्के. मोकळी हवा कमी, तर ओल कमी. पूर्ण कोरडी टाकी तुमच्या हवेत आठवड्यात तांबूस होईल. जमल्यास पेट्रोल स्टॅबिलायझर (साठवलेले पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे रसायन) घाला आणि दहा मिनिटे इंजिन चालवून ते कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचू द्या.

प्रश्न: टाकी सील करून बसवली. आता गेज शून्यावरच आहे, आणि पंचवीस-तीस किलोमीटरनंतर गाडी बंद पडते. झाकण उघडले की सुस्कारा येतो आणि पुन्हा चालते.
— एक वाचक, नागपूर

उत्तर: दोन्ही दोष सीलरचेच. सुस्कारा म्हणजे टाकीत हवा येत नाही, पेट्रोल जाईल तशी पोकळी होते आणि पंप ओढू शकत नाही. झाकणाचे हवेचे भोक किंवा टाकीची बारीक नळी सीलरने बुजली असेल. दीड मिलिमीटरचा ड्रिल बिट हातानेच फिरवून मोकळी करा. विजेचे ड्रिल वापरू नका.

गेजला अर्थिंग, म्हणजे बॉडीमार्फत जाणारा विजेचा परतीचा जोड, मिळत नाही. फ्लोट युनिटचे अर्थिंग स्क्रूंमधून टाकीच्या पत्र्याला जाते. तिथे सीलर बसला की जोड तुटतो. एका स्क्रूखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा. तरी चालेना तर युनिटच्या स्क्रूपासून बॉडीपर्यंत एक वेगळी वायर टाका. बॅटरी काढून ठेवून, टाकी बंद असतानाच हे करा.