थंब टिप दिसते ती रंगामुळे नव्हे

रुमाल गायब करताना थंब टिप (जादूगार अंगठ्यावर चढवतात ती अंगठ्याच्या टोकासारखी पोकळ टोपी) लोकांच्या लक्षात येते, तिचा रंग कातडीशी जुळत नाही, मग ती रंगवावी का, असं तुम्ही विचारलंय. रंगवू नका. रंगातला थोडाफार फरक चालून जातो. टिप पकडली जाते ती बाजूने दिसली की. अंगठा आडवा झाला की त्याची जादा लांबी आणि पेरावरची कड दोन्ही उघडी पडतात. तेच टोक सरळ प्रेक्षकांकडे रोखलेलं असलं, तर समोरच्याला लांबी कळतच नाही.

चकाकी मात्र खरंच घात करते, विशेषतः समोरून झगझगीत प्रकाश असताना. बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, वर टाल्कम पावडर चोळा.

रुमाल पातळ, अस्सल रेशमाचा हवा. आधी ६ इंची चौरस, हात बसल्यावर ९ इंची. पॉलिएस्टर कितीही कोंबलं तरी फुगून वर येतं आणि ऐन वेळी कोपरा बाहेर डोकावतो. टिप सैलसर बसावी. फार घट्ट असली तर आत हवा कोंडून ती परत बाहेर ढकलली जाते. अशा वेळी टोकाला सुईने भोक पाडावं.

टिप उजव्या अंगठ्यात. डावा हात रिकामा दाखवून सैल मूठ वळा, उजवा अंगठा आत घालून जागा केल्यासारखं करा आणि टिप मुठीतच सोडा. रुमालाचा एक कोपरा मुठीतल्या टिपमध्ये सारून तर्जनी आणि मधल्या बोटाने आलटूनपालटून कोंबत जा. शेवटचा कोपरा अंगठ्याने दाबायचा. बहुतेकांचं इथेच फसतं: टिप नीट बसायच्या आत अंगठा झटक्यात ओढला जातो आणि ती तिरकी बाहेर येते. डाव्या बोटांनी टिप किंचित आवळून धरा, अंगठा पूर्ण आत गेल्याचं जाणवू द्या, मगच तो टिपसकट काढा. काढल्यावर उजवा हात लपवू नका, बोटं ताठही करू नका. लपवलेल्या हाताकडे नजर हमखास जाते.

लगेच मूठ उघडायची घाई नको. रुमाल अजून आतच आहे, अशा विश्वासाने मूठ डावीकडे न्या आणि स्वतः तिच्याकडे बघा. तुम्ही बघाल तिथेच लोक बघतात. एक श्वास जाऊ द्या, मग करंगळीपासून एकेक बोट उघडा.

सराव नुसत्या आरशासमोर करू नका. चोरीच्या क्षणी, म्हणजे टिप गुपचूप अंगठ्यावर घेताना, नकळत डोळे मिटतात आणि आरशात नेमकं तेच दिसत नाही. मोबाइल प्रेक्षकांच्या नजरेच्या उंचीवर ठेवून समोरून आणि दोन्ही बाजूंनी चित्रीकरण करा. बाजूच्या चित्रीकरणात कड दिसली तर मनगट थोडं आत वळवा. एवढ्याने भागलं नाही, तर कडेच्या खुर्च्या रिकाम्या ठेवायला सांगा.

टिप उतरवायला निमित्तही आधीच ठरवून ठेवा: पुढच्या प्रयोगाची वस्तू काढायला हात खिशात गेला की ती तिथेच सोडून द्यायची.