जखमी फौजींच्या गोष्टी ऐकून जखमी फौजीला खरंच बळ येतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मोठा भाऊ सैन्यात होता, सुरुंगाच्या स्फोटात गुडघ्याखाली पाय गेला, आता घरी आलाय आणि कुणाशी धड बोलत नाही. तुम्ही त्याला जखमी जवानांच्या मुलाखतींचे व्हिडिओ लावून देता तर तो उठून आत जातो. या गोष्टींचा काही उपयोग होतो का, आणि त्याला बोलतं कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय.

उपयोग होतो, नक्की होतो. पण कोण कुणाला सांगतोय आणि कधी सांगतोय यावर सगळं अवलंबून आहे. भाऊ उठून जातो यात त्याचं काही चुकत नाही. त्या व्हिडिओत सुरुवातीला स्फोट असतो आणि शेवटी मेडल, मधला सगळा काळ दोन मिनिटांत उरकलेला असतो, आणि तुमचा भाऊ आत्ता नेमका त्या मधल्या काळात बसलाय.

मी हे सांगतोय कारण मी स्वतः इन्फंट्रीचा, एलओसीवर पेट्रोलिंग करताना माझा डावा पाय गेला, तोही गुडघ्याखालीच. हॉस्पिटलला भेटायला खूप माणसं यायची, नातेवाईक, गावातले, एकदा पुढारीसुद्धा येऊन गेले. सगळे मनापासून बोलायचे, देशासाठी दिलास, अभिमान वाटतो, खचू नकोस. मला त्यांच्याबद्दल आजही आदर आहे, पण ते गेल्यावर मी छताकडे बघत पडायचो, कारण मला पडलेले प्रश्न वेगळेच होते. संडासला कसं बसायचं? बायकोसमोर हा पाय उघडा करायचा का? मोटारसायकलचा गिअर कसा टाकायचा? हे कुणाला विचारणार?

मग एक दिवस वॉर्डात एक जुने हवालदार आले, आपल्या कृत्रिम पायाचा सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी, बदलायला आलेले होते. त्यांनी मला काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. कॉटवर टेकले, पँट वर केली, पाय काढून बाजूला ठेवला आणि स्टंप, म्हणजे कापून उरलेला पाय, माझ्यासमोर धरला. कातडी कुठे जाड झालीय, कुठे घासून काळी पडलीय सगळं दाखवलं. मग सॉक्स दाखवले, म्हणाले हे बघ, सकाळी एक घालतो, दुपारपर्यंत स्टंप आकसतो मग पाय सैल होतो, तेव्हा वरून अजून एक चढवायचा, नाहीतर आत घासून फोड येणार आणि आठवडाभर घरी बसणार. माझ्या गुडघ्याखाली उशी होती, ती त्यांनी ओढून काढली. म्हणाले आत्ता बरं वाटतंय तुला, पण गुडघा असाच वाकडा आखडला तर सरळ होणार नाही आणि मग पाय बसवताना रडशील. क्रेप बँडेज तिरकं कसं गुंडाळायचं, खाली घट्ट आणि वर जाताना सैल, ते माझ्याकडून त्यांनी परत परत करून घेतलं. जाताना पाय चढवला, दोनदा आपटला आणि सरळ चालत दरवाज्याबाहेर गेले.

माझ्यासाठी ती पहिली गोष्ट होती जिने मला उभं केलं. त्यांनी स्वतःच्या स्फोटाबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं.

रात्री नसलेला पाय दुखतो हेही मला अशाच एका सोबत्याकडून कळलं. बोटं कुणीतरी पिळतंय असं वाटायचं आणि हात लावला तर तिथे चादर. मला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. शेजारच्या कॉटवरचा म्हणाला, मलापण होतं, सगळ्यांनाच होतं, त्याला फँटम पेन म्हणतात. बास, एवढं ऐकून निम्मी भीती गेली. मग फिजिओवाल्या मॅडमनी आरसा मध्ये उभा करून चांगला पाय त्यात बघत हलवायला लावला. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात ही आरशाची युक्ती काढली, मला तिचा फायदा झाला, सगळ्यांना होतोच असं नाही. भावाला रात्री झोप लागत नसेल तर कारण हे असू शकतं आणि त्याने लाजेपोटी घरात सांगितलं नसेल.

आता मोठ्या लोकांच्या गोष्टी. त्या वाईट नाहीत, उलट मला प्रिय आहेत, फक्त त्या वाचताना मधली वर्षं मोजायची. होकाटो सेमांचं घ्या, नागालँडचे, 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत ब्राँझ मिळालं, सगळ्यांनी फोटो फॉरवर्ड केला. त्यांचा पाय गेला 2002 मध्ये, काश्मीरमध्ये चौकीबलला, सुरुंगातच. आणि गोळा हातात घेतला 2016 मध्ये, पुण्यात बीईजीच्या, म्हणजे सैन्याच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या, एका अधिकाऱ्यांनी त्यांची तब्येत बघून या खेळाकडे वळवलं म्हणून. म्हणजे मध्ये चौदा वर्षं गेली. ती चौदा वर्षं कुठल्याच फॉरवर्डमध्ये नाहीत आणि तुमच्या भावाला नेमकी तीच ऐकायची आहेत.

आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर तसेच. सैन्यात बॉक्सिंग करायचे, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर अधू झालं. उपचार म्हणून पाण्यात उतरले, 1968 ला तेल अवीवला गेले ते टेबल टेनिस खेळायला, आणि 1972 ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये वर्ल्ड रेकॉर्डसह गोल्ड, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. सरकारला आणि लोकांना आठवण व्हायला किती वर्षं गेली बघा, पण माणूस तोवर थांबून राहिला नव्हता.

मेजर जनरल इयान कारडोझो यांच्याबद्दल विचारलं तर दहापैकी दहा जण खुकरीचीच गोष्ट सांगतील, 1971 ला बांगलादेशात सुरुंगावर पाय पडला, मॉर्फिन नव्हतं, म्हणून स्वतःच्या खुकरीने स्वतःचा पाय कापला. अंगावर काटा येतो हे खरं. पण मला विचाराल तर त्यांची खरी लढाई नंतरची आहे. लाकडी पायाने फिटनेसच्या टेस्ट द्यायच्या, दोन पायवाल्यांना मागे टाकायचं, वरच्यांना पटवत राहायचं की मला ऑफिसात बसवू नका. शेवटी त्यांनी इन्फंट्री बटालियनची कमांड घेतली, नंतर ब्रिगेडची, आणि युद्धात अपंगत्व आलेले असं करणारे ते आपल्या सैन्यातले पहिले अधिकारी. खुकरीचा प्रसंग काही मिनिटांचा होता हो, ही दुसरी लढाई वर्षानुवर्षं चालली.

आणि मेजर डी. पी. सिंग, कारगिलच्या वेळी अखनूर सेक्टरमध्ये बॉम्ब शेजारी फुटला, फील्ड हॉस्पिटलमध्ये मेलेले समजले होते, मग गँगरीनमुळे उजवा पाय काढावा लागला. आज लोक त्यांना ब्लेड रनर, म्हणजे पात्यासारख्या कृत्रिम पायावर धावणारा, म्हणून ओळखतात, 2019 ला नाशिकला त्यांनी विमानातून एकट्याने उडी मारली. मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वाटतं ते 2011 ला त्यांनी पाय गमावलेल्या लोकांचा ग्रुप उभा केला ते. नुसतं स्टेजवरून सांगण्यावर न थांबता ज्याचा पाय कालच गेलाय त्याच्या शेजारी जाऊन बसणं.

शेजारी बसणं यातच सगळं आहे, आणि हे काही नवीन नाही. इंग्लंडमध्ये 1944 ला डॉ. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेविलला मणक्याला मार लागलेल्या सैनिकांचा वॉर्ड सुरू केला, तोपर्यंत अशी पोरं थोडे दिवस जगतील म्हणून पलंगावर ठेवून दिली जायची. त्यांनी त्यांना एकत्र आणलं, कामाला लावलं, खेळायला लावलं आणि 1948 ला 16 जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली, त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक. त्याच 1944 मध्ये आपल्या पुण्यात सैन्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर, म्हणजे कृत्रिम हातपाय बसवायचं केंद्र, सुरू झालं. खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, 1917 पासूनची संस्था, जखमी जवानांना हाताला काम शिकवते. खडकीलाच 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, म्हणजे कमरेखालचं शरीर लुळं पडलेल्या जवानांचं केंद्र, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळणारे आणि तोंडात ब्रश धरून चित्र काढणारे जवान मी तिथे पाहिलेत. अशा ठिकाणी गेलं की एक गोष्ट आपोआप होते, कुणी वळून बघत नाही. घरी, लग्नात, एसटीत सगळे आधी पायाकडे बघतात मग तोंडाकडे. तिथे तो भार उतरतो, आणि भार उतरला की माणूस आपोआप बोलायला लागतो.

तुमच्या मनात ही पण भीती असेल की बोलायला लावलं तर जखम परत उघडी होईल. भीती अगदीच खोटी नाही. प्रसंग घडल्याबरोबर माणसाला बसवून एकाच बैठकीत सगळं बोलून घ्यायची एक पद्धत होती, त्यावर अभ्यास झाले तेव्हा दिसलं की त्याने पुढचा त्रास टळत नाही, काहींना तर उलट जास्त होतो. तज्ज्ञाबरोबर, आपल्या गतीने, थोडं थोडं करून तोच प्रसंग परत परत सांगणं याचा मात्र फायदा होतो. म्हणजे बोलणं वाईट नाही, जबरदस्ती वाईट.

मी स्वतः शाळेत वगैरे बोलायला जातो, 26 जानेवारीला दरवर्षी बोलावणं येतं. तिथे सांगायची माझी एक ठरलेली गोष्ट आहे, तेवढीच सांगतो, मुलांना जेवढी झेपेल तेवढी. ती सांगून मला बरं वाटतं. दुसरी गोष्ट मी फक्त माझ्यासारख्यांना सांगितलीय आणि ती पायाबद्दल नाहीच. त्या दिवशी माझ्या पुढे चालणारा माझा बडी, म्हणजे जोडीदार जवान, होता, तो परत आला नाही. ताई, हे मी मुद्दाम लिहितोय, कारण आमच्यातले खूप जण गप्प असतात ते पाय गेला म्हणून नाही. शेजारचा गेला आणि आपण राहिलो, याचं काय करायचं हे कळत नाही. घरचे सारखे म्हणतात तू वाचलास हे नशीब, आणि त्या वाक्याने नेमकी तीच जागा दुखते. तुमच्या भावाचं असंच असेल असं मी म्हणत नाही, पण असू शकतं, म्हणून नशीब वगैरे बोलणं सध्या टाळा.

मग तुम्ही काय कराल? काय झालं होतं हे विचारू नका. पाय कुठे टोचतो हे विचारा. सॉकेट सैल झालाय का, सॉक्स पुरतात का, बाथरूममध्ये धरायला दांडा लावू का, असलं विचारा, याची उत्तरं देणं सोपं असतं. समोरासमोर बसून विचारण्यापेक्षा काही काम करताना शेजारी राहून बोला. स्टंप बघायची वेळ आली तर तोंड फिरवू नका, पहिल्यांदा कठीण जाईल, पण तुम्ही सहज बघितलंत हे तो विसरणार नाही. आणि पायाच्या चेकअपला म्हणून त्याला लिंब सेंटरला घेऊन जा, पहिल्या वर्षात स्टंपचा आकार बदलतोच त्यामुळे सॉकेट बहुतेक वेळा बदलावा लागतो, म्हणजे जायला खरं कारण आहे. तिथे बाहेर बाकावर थांबायला लागतं, तुम्ही जरा लांब बसा. त्याच्या पलटणीतला जवळचा कोण असेल त्याला तुम्ही स्वतः फोन करा, भाऊ करणार नाही, फोन करायला त्याला लाज वाटत असेल.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. झोपेत ओरडून उठणं, दारू वाढणं, रागात वस्तू फेकणं, किंवा आता जगून काय करायचं असलं बोलणं, हे दिसलं तर मिलिटरी हॉस्पिटलच्या सायकियाट्रिस्टकडे न्या. ते लगेच जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, रात्रंदिवस चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. सैन्यातल्या लोकांसाठी त्यांचा वेगळा सेल पुण्यात एएफएमसीला, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजला, 2023 मध्ये सुरू झालाय. आमच्या लोकांना सायकियाट्रिस्ट म्हटलं की कमीपणा वाटतो, तर भावाला सांगा की इन्फंट्रीचा एक माणूस म्हणाला मी गेलो होतो, गोळ्याही घेतल्या, काही कमी झालं नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो, त्याच्या कागदांत बॅटल कॅज्युअल्टी, म्हणजे लढाईच्या कामात जखमी, अशी नोंद आहे का बघा, कारण वॉर इंज्युरी पेन्शन साध्या डिसॅबिलिटी पेन्शनपेक्षा जास्त असते. नोंदीत गडबड वाटली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, अर्ज करायला ते मदत करतात. पैशाची काळजी थोडी मिटली की माणूस जरा मोकळा होतो हे मी खूप घरांत बघितलंय.

शेवटी तुम्ही विचारलंय की त्याची गोष्ट मी लिहून नेटवर टाकू का, लोकांना प्रेरणा मिळेल. आत्ता नको. गोष्ट त्याची आहे, कधी सांगायची, किती सांगायची, सांगायची की नाही हे त्यालाच ठरवू द्या. त्याने बोलायची तयारी दाखवली आणि ऐकायला कुणी फौजी हवा असेल तर इथे मेसेज करा, मी येऊन बसेन, गावाचं नाव फक्त कळवा.