शेड्यूल केलेल्या पोस्ट आणि उत्तराची वाट पाहणारे ग्राहक

प्रश्न : सप्रेम नमस्कार. कोल्हापुरात चप्पल लाईन या चपलांच्या बाजारपेठेत आमचे दुकान आहे. दुकान माझे पती आणि दीर पाहतात. फेसबुक व इन्स्टाग्रामवरील पेजचे काम माझ्याकडे आहे. घर सांभाळून रोज काही टाकणे जमेना, म्हणून पुतण्याने महिन्याभराच्या पोस्ट एकदम शेड्यूल करून देण्यास सुरुवात केली. सकाळी सातला सुविचार, दुपारी चपलेचा फोटो, सणाला शुभेच्छा. आता एकही दिवस चुकत नाही, पण पूर्वी येणारी विचारणा आटली आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीच्या, कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपलांवरून चर्चा पेटली, तेव्हा अनेक अनोळखी लोकांनी पेजवर ‘खरी कोल्हापुरी कशी ओळखावी?’ असे विचारले. त्यांना उत्तर कोणीच दिले नाही. दुसऱ्या दिवशीचा सुविचार मात्र वेळेवर गेला. पुतण्या म्हणतो, सगळे असेच करतात. मला ही लोकांची फसवणूक वाटते. शेड्यूल करणे बंद करावे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पोस्ट शेड्यूल करणे ही फसवणूक नव्हे आणि ते बंद करण्याचीही गरज नाही. ही सोय फेसबुक आणि इन्स्टाग्राम स्वतःच देतात. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यावरून तर ७५ दिवस पुढची पोस्ट आज ठरवून ठेवता येते. दुकान कोणत्या वारी बंद असते, नवा माल कधी येणार, कोणत्या जोडाची किंमत किती, हे आपण रविवारी लिहिले आणि बुधवारी लोकांनी वाचले, म्हणून ते खोटे ठरत नाही. आपल्या मनाला जे खटकते आहे ते योग्यच आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे : पोस्ट निघते तेव्हा तिच्या मागे कोणीच नसते, आणि विचारणाऱ्याला ते दोन-तीन वेळांत कळून चुकते.

आपण सांगितलेला तो आठवडा मला फार महत्त्वाचा वाटतो. मिलानच्या शोमध्ये प्राडाने त्या चपला दाखवल्या तेव्हा सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेख नव्हता; टीका झाल्यावर त्यांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे कंपनीने मान्य केले. ज्यांनी आजवर ही चप्पल कोण बनवते याचा विचारही केला नव्हता, ते लोक त्या दिवसांत आपणहून विचारत होते, आणि त्यांना उत्तर देण्याचा अधिकार चप्पल लाईनइतका दुसऱ्या कोणाचा असणार? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा ८ जिल्ह्यांसाठी आहे, कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावले जाते, चपलेच्या प्रकारांपैकी कापशी कशी असते आणि कुरुंदवाडी कशी, हे सारे आपल्या घरात सर्वांना तोंडपाठ असेल. त्यातले चार शब्द त्या प्रश्नांखाली लिहिले असते, तर वर्षभराच्या सुविचारांनी जे साधले नाही ते साधले असते. ते प्रश्न अजून पेजवर असतील तर आजही उत्तर द्यावे. उशिराच्या उत्तराचा राग येत नाही, उत्तर न मिळाल्याचा येतो.

दुसरी गोष्ट कोल्हापूरकरांनी विशेष लक्षात ठेवावी अशी आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. पण महिन्यापूर्वी ठरवून ठेवलेल्या पोस्टला ते कळत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे–बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता. लोकांचा संसार पाण्यात असताना ‘पावसाळी सवलत, आजच भेट द्या’ अशी पोस्ट निघाली, तर ती कोणी जाणूनबुजून टाकलेली नाही हे वाचणाऱ्याला कसे समजावे? म्हणून पाणी चढू लागले की सर्वप्रथम पुढच्या सगळ्या पोस्ट थांबवाव्यात आणि दुकान उघडे आहे का, पार्सल कधी निघतील, एवढेच त्या त्या दिवशी स्वतः लिहावे. शोक, संकट आणि सांत्वन यांविषयीचे काहीही आधी लिहून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता वेळेविषयी. सकाळी सात वाजता आपण स्वयंपाकघरात असणार. त्या वेळी निघालेल्या पोस्टखालचा प्रश्न दुपारपर्यंत तसाच राहतो. पोस्टची वेळ ग्राहकांच्या सोयीइतकीच आपल्याही सोयीने ठरवावी : पुढचा अर्धा तास फोन हातात राहील अशीच. आठवड्यातून तीन पोस्ट पुरेत. सुविचार तर पूर्णपणे काढून टाकावेत. ते जिकडेतिकडे मिळतात, आपल्या दुकानाची माहिती मात्र फक्त आपल्याकडेच मिळते.

दुकान बंद असताना व्हॉट्सॲप बिझनेसवरून आपोआप संदेश जातो, त्यालाही माझी हरकत नाही, मात्र त्यात ‘उद्या सकाळी अकरानंतर उत्तर देऊ’ असे स्पष्ट असावे आणि उद्या अकरानंतर उत्तर खरोखरच जावे. मापाविषयी विचारणाऱ्याला तयार तक्ता पाठवण्यापेक्षा कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखायला आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी कळवायला सांगावे. चप्पल पावसात भिजली तर काय करावे, असे कोणी विचारले, तर ती उन्हात न ठेवता सावलीत वाळवावी आणि मग तेलाचा हात द्यावा, हे आपल्या दिरांच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवावे. लिहिण्याचा कंटाळा असलेली माणसे बोलायला बहुधा तयार असतात, आणि समोरच्याला दुकानातला माणूस भेटल्यासारखे वाटते.

पुतण्याला मात्र बोल लावू नये. फोटो काढणे, किमती अद्ययावत ठेवणे, पोस्ट शेड्यूल करणे ही कामे त्याच्याकडेच राहू द्यावीत. आलेल्या प्रश्नांना उत्तर देण्याचे काम दुकानात बसणाऱ्या एका माणसाकडे रोज नेमून द्यावे, आणि त्या दिवशी ते कोणाकडे आहे हे घरात सर्वांना माहीत असावे.