आईच्या डोक्याचा एमआरआय पुन्हा का?

प्रश्न : माझ्या आईच्या डोक्याचा एमआरआय झाला, मात्र ‘हालचालीमुळे प्रतिमा धूसर आल्या’ म्हणून तो पुन्हा करायला सांगितले आहे. आई म्हणते, ती हललीच नाही. असे कसे? – एक वाचक, दादर

उत्तर : आईंचे म्हणणे त्यांच्या परीने खरेच असणार. छायाचित्र क्षणात निघते. एमआरआयच्या एकेका मालिकेला (म्हणजे एका प्रकारच्या प्रतिमांच्या संचाला) मात्र बहुधा काही मिनिटे लागतात आणि त्या सगळ्या काळात गोळा झालेल्या संकेतांतून प्रतिमा घडते, त्यामुळे आवंढा गिळताना डोके दोन-तीन मिलिमीटर सरकले तरी कवटीच्या कडेच्या फिकट प्रतिकृती मेंदूवर ओळीने उमटू शकतात. वयस्कर माणसे पुष्कळदा पाठ दुखते म्हणून हलतात. म्हणून गुडघ्यांखाली उशी आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोमच्या गाद्या नीट बसवून घ्या. खोकला असेल तर तंत्रज्ञांना आधीच सांगा. ते कमी वेळाच्या मालिका निवडू शकतात, किंवा संकेत फिरत्या पट्ट्यांनी गोळा करणारी पद्धत वापरू शकतात, जिच्यात संकेतांचा मधला भाग पुन्हापुन्हा मोजला जात असल्याने हालचाल बरीचशी दुरुस्त करता येते.

दातांवरच्या धातूच्या टोपीमुळे चेहऱ्याजवळचा भाग वाकडा किंवा काळा दिसतो; ही विकृती ३ टेस्लापेक्षा (टेस्ला हे यंत्रातल्या चुंबकाच्या ताकदीचे एकक) १.५ टेस्लाच्या यंत्रावर सहसा कमी असते. केसांतल्या पिना, कानातले, मंगळसूत्र घरीच काढून ठेवा. पेसमेकर किंवा मेंदूतील रक्तवाहिनीवर बसवलेली क्लिप असेल, तर प्रश्न प्रतिमेचा नसून जिवाचा आहे. ते नाव नोंदवतानाच सांगा आणि शस्त्रक्रियेची कागदपत्रे सोबत न्या.