‘कॉर्निश’ या शब्दाचा अर्थ काय? भाषा, कोंबडी की खायचा पदार्थ?
तिन्ही बरोबर, कारण मूळ अर्थ एकच, कॉर्नवॉलचा/ची/चं, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य टोकाचा तो भाग. डिक्शनरीत विशेषण म्हणून हाच अर्थ आधी येतो, नाम म्हणून वापरला तर तिथली भाषा. ही भाषा इंग्रजीची बोली वगैरे अजिबात नाही, केल्टिक या वेगळ्या भाषागटातली आहे, ब्रेटन (फ्रान्सच्या ब्रिटनी भागातली भाषा) आणि वेल्श (वेल्सची भाषा) यांच्या जवळची, १८०० च्या आसपास बोलण्यातून गेली आणि विसाव्या शतकात लोकांनी परत उभी केली. कॉर्निश पेस्टी दिसायला आपल्या करंजीची थोरली बहीण, आत बीफ, बटाटा, कांदा. फक्त अमेरिकन रेसिपीत ‘कॉर्निश हेन’ दिसलं तर नाव कॉर्नवॉलचं असलं तरी कोंबडी तिथून आलेली समजू नका, ती कमी वयाची छोटी कोंबडी असते, कधीकधी चक्क कोंबडाही.