सरस, लाख आणि टाकणखार : घरसजावटीबद्दल तुमचे प्रश्न

या वेळच्या पत्रांचा सूर एकच आहे. ‘इको-फ्रेंडली’ म्हणून वस्तू घेतली आणि त्रास घरी आल्यावर सुरू झाला. लाकूड, बांबू, चुना, कापूस या मुळात चांगल्याच वस्तू. घोळ होतो तो त्या कशाने चिकटवल्या, टिकवायला काय लावलं आणि वरून काय फासलं यात. म्हणून उत्तरंही तिथूनच सुरू करतो.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी प्लायवूडचं कपाट आणि पेटीचा पलंग करून घेतला. सुतार म्हणाला, माल ‘ग्रीन’ आहे. तरी कपाट उघडलं की डोळे चुरचुरतात, मुलाला शिंका येतात. वास कधी जाईल? — डोंबिवली

हा वास बहुतेक करून फॉर्मल्डिहाइडचा. प्लायचे पातळ थर ज्या सरसाने चिकटवतात त्यातून तो सुटतो. साध्या एमआर (थोडीफार ओल सोसणाऱ्या) प्लायमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइड सरस असतो. दमट हवेत त्याचे बंध हळूहळू सुटतात आणि वायू बाहेर पडत राहतो. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याच्या मरीन प्लायमध्ये फिनॉलचा सरस असतो, त्याचे बंध पक्के, म्हणून वायू बराच कमी सुटतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की सुटणं वाढतं, त्यामुळे मे-जूनमध्ये त्रास जास्त जाणवेल. फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं. तेव्हा ‘नव्या फर्निचरचा वास असतोच’ म्हणून सोडून देऊ नका.

आता शोधा कुठून येतो ते. समोरच्या लॅमिनेटमधून जवळजवळ काही येत नाही, कारण लॅमिनेट हे झाकणच आहे. वायू सुटतो उघड्या कडांतून, कपाटाच्या पाठीतून, बिजागरीच्या आणि वायरीच्या भोकांतून आणि ड्रॉवरच्या तळाच्या पातळ फळीतून. पेटीच्या पलंगात तर आतली बाजू बरेचदा कोरीच ठेवतात. गादी उचला, झाकण उघडा आणि हात फिरवा. लाकडाचा खरखरीत पोत लागला तर तिथे काहीच लावलेलं नाही.

उपाय असा. सामान बाहेर काढा, दारं-ड्रॉवर सताड उघडे ठेवा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखा बाहेरच्या दिशेने लावा. आठ-दहा दिवस रोज काही तास हे करा. मग प्रत्येक कोरी बाजू आणि कड चपडा लाखेचे (पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख) दोन हात देऊन बंद करा. एक लिटर स्पिरिटमध्ये २०० ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, सकाळी गाळा आणि ब्रशने लावा. एक हात तासाभरात वाळतो. लाखेचा थर वायू अडवतो, त्यामुळे फरक कळतो. काम करताना जवळ गॅस, उदबत्ती, निरांजन काही पेटतं नको, स्पिरिट चटकन पेट घेतं. कडांना एजबँड (कड झाकणारी पट्टी) लावून घेतलात तर अधिक चांगलं.

कुंड्या ठेवून हा वास जात नाही. १९८९ चा नासाचा जो प्रयोग सगळीकडे सांगतात, तो लहान बंद पेट्यांमध्ये केला होता. राहत्या खोलीत उघडी खिडकी कुंड्यांपेक्षा कितीतरी जास्त काम करते.

पुढच्या खेपेला ‘ग्रीन’ या शब्दावर जाऊ नका, फळीवरचा शिक्का वाचा. ई-वन म्हणजे ठरलेल्या चाचणीत दर घनमीटर हवेत ०.१२४ मिलिग्रॅमपर्यंत फॉर्मल्डिहाइड. ई-झिरो त्याहून कमी. पण हा शिक्का फक्त फळीचा आहे. लॅमिनेट चिकटवायला सुतार जो पिवळा रबरी सरस आणतो, त्यात टोल्युइनसारखी द्रावकं असतात, ती वेगळीच. पांढरा सरस लावून वजनाखाली रात्रभर दाबून ठेवायला सांगा. सुतार कुरकुरेल, कारण एका दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं. तेवढे पैसे जास्त मोजा.

प्रश्न : माणग्याच्या बांबूची बैठक आणि पार्टिशन करून घेतलं. सहा महिन्यांत खाली पिवळसर भुसा पडायला लागला. वाळवी आहे का? — कुडाळ

वाळवी नाही. वाळवी मातीच्या नळ्या करत येते. मैद्यासारखी पूड आणि टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली की तो बांबू पोखरणारा भुंगेरा. त्याला हवा असतो बांबूतला स्टार्च. दोन वर्षांच्या आत तोडलेल्या कोवळ्या काठीत किंवा पावसाळ्यात तोडलेल्या काठीत स्टार्च भरपूर असतो. जाणकार कारागीर तीन वर्षांपुढची काठी दिवाळी ते होळी या काळात तोडतात, ते यासाठीच.

शंका असेल तर औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन आणा आणि बांबूच्या ताज्या कापावर एक थेंब टाका. निळा-काळा डाग पडला तर स्टार्च आहे, म्हणजे भुंगेऱ्याचं ताट वाढलेलं आहे. डाग तपकिरीच राहिला तर काठी बरी.

आहे त्या बैठकीसाठी : ठोकल्यावर पोकळ, फुसका आवाज येणाऱ्या काठ्या बदला, त्या वाचत नाहीत. बाकीच्यांच्या भोकांत सुईने खाली नव्या काठ्यांसाठी दिलेलंच द्रावण भरा, आठवड्याने पुन्हा भरा आणि मग भोकं मेणाने बुजवा. वरून वार्निश मारून काही होत नाही. किडा आत असतो आणि नवं भोक पाडून बाहेर येतो.

नव्या काठ्यांसाठी शंभर लिटर पाण्यात तीन किलो टाकणखार (बोरॅक्स) आणि दोन किलो बोरिक अ‍ॅसिड. आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग टाकीत ओता, थंड पाण्यात गाळ तळाला बसतो. चिरलेल्या कामट्या तीन ते पाच दिवस बुडवायच्या. अख्ख्या काठीची सगळी पेरं आतून लांब सळईने फोडायची आणि सात ते दहा दिवस ठेवायची. पेरं न फोडता बुडवलेली काठी बाहेरून ओली आणि आतून कोरी राहते. ‘ट्रीटमेंट केलेला’ म्हणून विकलेला बांबू सडतो त्यातलं हे नेहमीचं कारण. नंतर सावलीत उभ्या करून दोन-तीन आठवडे वाळवा. थेट उन्हात तडकतात.

या क्षारांतलं बोरॉन आत पोचलं का हे पाहायला हळदीचा अर्क आणि सौम्य आम्ल वापरून चाचणी करतात. बोरॉन असेल तिथे पिवळा रंग लालसर होतो. घरी आम्ल हाताळू नका, पण माल घेताना पुरवठादाराला काठी मधोमध कापून ही चाचणी तुमच्यासमोर दाखवायला सांगा. टोकाला सगळेच लाल दाखवतात.

दोन गोष्टी विसरू नका. हे क्षार पावसात धुऊन जातात, म्हणून असा बांबू घराच्या आत ठीक, उघड्या पडवीत नाही. आणि उरलेलं द्रावण बागेत किंवा विहिरीजवळ ओतू नका. जास्त बोरॉनने झाडं करपतात. पुढच्या काठ्यांसाठी झाकून ठेवा, मुलांपासून लांब.

प्रश्न : पाडलेल्या वाड्याचं सागवान मिळतंय. कसं मोजायचं, काय बघायचं? काही तुळ्यांना जुना हिरवा रंग आहे. — सातारा

घ्या. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं सागवान नव्यासारखं वाकत नाही आणि त्यासाठी नवं झाड पडत नाही. मोजमाप घनफुटात : लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागा. सात फुटी ४×३ इंची तुकडा म्हणजे ८४ भागिले १४४, साधारण ०.५८ घनफूट. मात्र भोकं, खाचा आणि कुजलेली टोकं रंधून गेल्यावर तीस टक्के घट सहज होते. भाव ठरवताना ती धरा.

लोहचुंबक घेऊन जा आणि प्रत्येक तुकड्यावरून फिरवा. आत मोडून राहिलेला एक खिळा करवतीचं पातं खराब करतो, म्हणून खिळे न काढलेला माल बरेच सुतार मशीनवर घेत नाहीत. भिंतीत गाडलेली टोकं सुरीने टोचा. सुरी अलगद आत गेली तर तेवढं कापून टाका.

हिरव्या रंगाबद्दल मात्र घाई नको. भारतात नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं चालत नाही. त्याआधीच्या तैलरंगात ते कितीतरी जास्त असू शकतं. तो रंग कोरडा घासला की शिसं धुळीतून श्वासात आणि मुलांच्या हातातोंडात जातं. जाळून काढला तर वाफ होते. पाणी मारून ओलाच खरवडा. खाली प्लास्टिक अंथरा, साधा रुमाल नको, धूळ अडवणारा मास्क लावा. कपचे पिशवीत बांधून घातक कचऱ्यात द्या, आणि हे काम संपेपर्यंत गरोदर बाई व लहान मुलं तिथे नकोत. शक्य असेल तर रंगवलेल्या तुळ्या सोडूनच द्या.

वरून लाखेचं पॉलिश शोभतं आणि पुढे खरवडून पुन्हा करता येतं. फक्त जेवणाच्या टेबलावर लाख नको, गरम पातेल्याने पांढरं वर्तुळ उमटतं. पावसाळी दमट दिवशी लावली तरी पांढुरकी झाक येते, आणि सहा महिन्यांपूर्वी विरघळवून ठेवलेली लाख चिकटच राहते. टेबलाला जवसाचं तेल चोळा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून काढा, दोन दिवसांनी पुन्हा. पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल हवेत वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटतं. पाण्यात भिजवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

प्रश्न : प्लास्टिक पेंटवर चुना लावला, महिन्यात पापुद्रे निघाले. चूक चुन्याची की रंगाऱ्याची? — पुणे

भिंतीची. चुना प्लॅस्टरमध्ये शिरून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत दगडासारखा घट्ट होतो. खाली प्लास्टिकचा पापुद्रा असेल तर शिरायला जागाच नाही. भिंतीवर पाणी शिंपडून बघा : थेंब ओघळले तर चुना धरणार नाही, शोषले गेले तर धरेल. जुना रंग आणि पुट्टी प्लॅस्टरपर्यंत खरवडावी लागेल.

एक किलो कळीच्या (न विरवलेल्या) चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी. पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी नाही, आणि चष्मा व हातमोजे घाला, कारण ते खदखदून उकळतं. प्लास्टिकची बादली नको, लोखंडी पिंप घ्या. चोवीस तास ठेवून जाड्या फडक्यातून गाळा. दहा लिटर गाळलेल्या चुन्याला चाळीस ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. पांढरेपणासाठी किलोमागे तीन ग्रॅमपर्यंत नीळ. रंग हवा तर गेरू किंवा पिवडी (पिवळी माती), कारण चुन्यात बहुतेक इतर रंग उडतात. भिंत ओली करून तीन पातळ हात, प्रत्येकात एक दिवस. ओला हात पारदर्शक दिसतो म्हणून रंगारी जाड लावतो, आणि मग तो खांद्याला पुसून निघतो.

गळती असेल तर आधी ती दुरुस्त करा. चुन्यातून ओल बाहेर पडते, थांबत नाही.

प्रश्न : पावसाळ्यासाठी काथ्याची गादी बरी की कापसाची? — फोंडा

दोन्ही चालतील, पण कापसाची गादी पुन्हा उघडून पिंजता येते. रबर मारलेला काथ्या एकदा खचला की टाकूनच द्यावा लागतो. तो घेणारच असाल तर चेन उघडून बघा, बरेचदा वर-खाली फोम असतो. कापसाच्या ३×६ फुटी गादीत दहा-बारा किलो कापूस लागतो. एक बोंदरं ओढून बघा. तंतू बोटाच्या पेराएवढा तरी लांब असावा. चिंध्यांपासून केलेला करडा कापूस तुकड्या-तुकड्यांचा असतो, त्याच्या लवकर गाठी होतात. सावरीचा कापूस उशीला छान, गादीला दबतो.

गादी बंद फळीवर नको, पट्ट्यांच्या पलंगावर घाला. घामाची ओल खालून बाहेर पडली नाही की फळी आणि गादी यांच्यामध्ये बुरशी धरते. उघडीप मिळेल त्या दिवशी उभी करून ठेवा.

प्रश्न : ज्यूटचा गालिचा शाम्पूने धुतला, तपकिरी डाग आले. — ठाणे

ज्यूट ओला होऊन हळू वाळला की त्याचाच तपकिरी अंश वर येतो. डाग पूर्ण जाणार नाहीत. पंख्याखाली पटकन वाळवा आणि यापुढे फक्त झटका किंवा व्हॅक्यूम लावा. बाथरूमच्या दारात तो नको.