आवृत्तीचा आकडा आणि टारबॉलचं नाव

प्रश्न : आमची सॉफ्टवेअर लायब्ररी १.९ वर आहे. पुढची आवृत्ती १.१० काढली तर लोकांना ती १.१ वाटेल. सरळ २.० करावी का?

उत्तर : १.१० च काढा. मधलं टिंब हे दशांशचिन्ह नव्हे. पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्रॅम) टिंबाच्या दोन्ही बाजू वेगवेगळे पूर्णांक म्हणून वाचतो, त्यामुळे १.१० ही १.९ नंतरच लागते. सिमँटिक व्हर्जनिंगमध्ये, म्हणजे आवृत्तीचे आकडे देण्याच्या रूढ संकेतात, पहिला आकडा वाढतो तो जुना एपीआय (लायब्ररी वापरायची ठरलेली पद्धत) मोडला तरच. २.० दिसलं की वापरणारे बिचकतात आणि अपग्रेड पुढे ढकलतात. लिनक्स कर्नल २०११ मध्ये २.६.३९ वरून ३.० वर गेला तो निव्वळ आकडे फार वाढले म्हणून; पण कर्नलला ते परवडतं.

प्रश्न : १.४.२ सोडल्यावर तासाभरात कळलं, एक फाइल राहून गेली. त्याच नावाने नवा टारबॉल (सगळा कोड एकत्र बांधलेली फाइल) चढवला तर?

उत्तर : नको. १.४.३ काढा, आकड्यांना पैसे पडत नाहीत. डिस्ट्रोच्या (डेबियनसारख्या लिनक्स वितरणाच्या) बिल्ड-कृतीत, म्हणजे कोडपासून पॅकेज बनवायच्या सूचनांत, तुमच्या टारबॉलचा शा-२५६ चेकसम (फाइलच्या आतल्या ऐवजावरून काढलेला ठसा) लिहून ठेवलेला असतो. नाव तेच आणि आतला ऐवज वेगळा, की बिल्ड अडतं आणि पॅकेज बांधणाऱ्याला पहिली शंका येते ती घुसखोरीची. ती रास्तच असते. पायपीआय (पायथन पॅकेजांचं भांडार) तर एकदा वापरलेलं फाइलनाव, फाइल पुसली तरी, पुन्हा देतच नाही.

याच कारणासाठी गिटहब (कोड ठेवायचं संकेतस्थळ) टॅगवरून, म्हणजे आवृत्तीला लावलेल्या खुणेवरून, आपोआप जो संग्रह बनवून देतं, त्यावर विसंबू नका. जानेवारी २०२३ मध्ये तिथली कॉम्प्रेशनची पद्धत बदलली, चेकसम बदलले, ठिकठिकाणची बिल्डं कोसळली आणि बदल मागे घ्यावा लागला. टारबॉल स्वतः बनवा आणि सही व चेकसमसह जोडा.

प्रश्न : टारबॉलमध्ये काय असावं? गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या रिपॉझिटरीत) नसलेल्या फाइली घालाव्यात का?

उत्तर : सगळं एकाच फोल्डरमध्ये, आणि फोल्डरचं नाव प्रकल्प-आवृत्ती असं. नाहीतर उलगडताच शंभर फाइली चालू डिरेक्टरीत सांडतात आणि लोक तुमचा उद्धार करतात. रीडमी, परवाना, बदलांची यादी हवीच.

तयार केलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट (बिल्डआधी यंत्र तपासणारी) घालायची जुनी रीत आहे, पण मार्च २०२४ मधलं एक्सझेड (फाइली आकसवणारं साधन) प्रकरण आठवा. ५.६.० आणि ५.६.१ मध्ये मागचं दार उघडणारा बिल्ड-स्क्रिप्टचा तुकडा फक्त टारबॉलमध्ये होता, रिपॉझिटरीत नव्हता. कोड वाचणाऱ्यांना तो दिसणार कसा? म्हणून टारबॉल टॅगवरूनच, यंत्राकडून बनवून घ्या. फाइलींचा क्रम, वेळ आणि मालक पक्के ठेवा, म्हणजे दुसऱ्या कुणालाही बाइट-न्-बाइट तोच टारबॉल बनवून ताडून पाहता येतो.

प्रश्न : आमच्या २.०आरसी१ (अंतिम २.० आधीची चाचणी आवृत्ती) चं डेबियनमध्ये २.०~आरसी१ का झालं?

उत्तर : टिल्डमुळे (~) ती २.० च्या आधी लागते. एरवी डीपीकेजीच्या (डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) हिशेबात २.०आरसी१ ही २.० पेक्षा नवी ठरली असती. तुम्ही आपल्या भाषेचा संकेत पाळा, रूपांतर डेबियनवाले करतात.

प्रश्न : प्रकल्पाचं नाव छोटं, सुटसुटीत ठेवायचंय.

उत्तर : आधी डिस्ट्रोंमध्ये शोधा. डेबियनमध्ये ‘नोड’ हे नाव हौशी रेडिओच्या एका प्रोग्रॅमकडे होतं. त्यापायी नोड-जेएसची (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) कमांड तिथे बरीच वर्षं ‘नोडजेएस’ होती. पायपीआयवर हायफन, अंडरस्कोअर आणि टिंब एकच धरतात, तेव्हा तेवढ्या फरकावर वेगळं नाव मिळणार नाही.